आप्पांचा गुडघा

आप्पा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. समोरचा कितीही मोठा साहेब असो, आप्पांची नजर त्याच्या बुटांवर. आमच्या मॅनेजर साहेबांना तर त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "साहेब, डाव्या टाचेला काय झालं?" साहेबांची टाच खरोखरच दुखत होती आणि त्यांनी ते घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. कबड्डीच्या मैदानावर समोरच्या सात जणांचे पाय बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ही सवय लागली होती. "तोंडाचं काय हो, ते पाहिजे तेव्हा हसतं, पाहिजे तेव्हा रडतं," आप्पा म्हणायचे. "पाय बिचारा वजन टाकतो. त्याला दुसरं काही येत नाही."

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात क्लार्क होतो आणि कंपनीच्या कबड्डी संघाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर जर्सी धुऊन आणायच्या, खेळाडूंना केळी वाटायची आणि पंचांच्या चहाची सोय बघायची. पण माझा रुबाब असा, की संघ मीच जन्माला घातला. शिट्टी गळ्यात अडकवून मी मैदानाच्या कडेनं फिरायचो आणि ती शिट्टी मी कधी वाजवल्याचं कुणाला आठवणार नाही. आज ते सगळं आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आप्पांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. सामन्याआधी ते हातात खराटा घेऊन अख्खं मैदान झाडायचे. आपली बाजू तर झाडायचेच, पण समोरच्या संघाचीही झाडायचे. पहिल्यांदा समोरच्यांना वाटलं, काही करणी वगैरे आहे. त्यांचा कॅप्टन धावत आला. आप्पा म्हणाले, "खडा कुणाच्याही पायात गेला तरी खडाच ना रे?" आणि झाडत राहिले. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवून चाखायचे आणि "आज पाणी जास्त मारलंय" किंवा "मीठ कमी टाकलंय" असा निकाल द्यायचे. खिशात कायम सोललेले शेंगदाणे. कुणाशी बोलणं सुरू करायचं तर आधी त्याच्या तळहातावर पाच दाणे मोजून ठेवायचे, मग विषयाला हात.

आणि गुडघे. उजव्या गुडघ्याला ते थोरला म्हणत आणि डाव्याला धाकटा. सकाळी उठल्यावर दोघांशी बोलणं व्हायचं. थोरला शहाणा, समजूतदार. धाकट्याचं काही खरं नव्हतं. दौऱ्यावर मी त्यांच्या खोलीत झोपायचो, तेव्हा पहाटे हे ऐकू यायचं: "काय रे धाकट्या, आज इज्जत राखशील ना?" मी पांघरुणाखाली हसायचो. धाकट्याबद्दलची सगळी हकीकत मला कधीपासून माहीत होती, आणि तरी मी हसायचो.

ती हकीकत अशी. नव्वदीच्या दशकात आमचा संघ व्यावसायिक गटाच्या स्पर्धांत दरवर्षी पहिल्या फेरीत गारद व्हायचा. मॅनेजर साहेबांना मोठं नाव हवं होतं आणि मला ट्रॉफी. आप्पांचं नाव राज्यभर होतं. मी शाळेत असताना कुंपणावर बसून त्यांना पाहिलं होतं, चौघांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत सरपटत येताना. आता त्यांनी पस्तिशी ओलांडली होती आणि नामपूरकडच्या आपल्या गावी ते मोकळेच बसले होते. मी निरोप धाडला.

एका रविवारी सकाळी ते एसटीनं आले आणि विचारत विचारत पंचवटीतल्या आमच्या घरी पोचले. खांद्यावर कांद्यांची पिशवी. माझ्या आईनं पाणी आणून दिलं, तर पाणी पिण्याआधी म्हणाले, "माय, तुमच्या चपलेची उजवी बाजू झिजलीय. कमरेचं दुखणं तिथून येतं." आई त्यांच्यावर त्या क्षणीच खूश झाली. मग माझ्या तळहातावर पाच दाणे ठेवून त्यांनी खिशातून वहीचा चार घड्या घातलेला कागद काढला. माझ्याशी ते शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करत, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणी बाहेर पडायची.

"मना गुडघा खराब शे, साहेब," ते म्हणाले. "लपाडीसन काय फायदा? कागदावर लिहून आणलंय. मोठ्या साहेबांना द्या."

कागदावर शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, की डाव्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे, डॉक्टरांनी फार तर दोन वर्षं खेळा म्हणून सांगितलं आहे. दोन वर्षं खेळेन, नंतर पोरांना शिकवीन. करार दोनच वर्षांचा करावा आणि पगार शिकवणाऱ्याचा द्यावा, खेळणाऱ्याचा नको. खाली सही.

"देतो साहेबांना," मी म्हणालो.

दिला नाही. साहेबांनी तो वाचला असता तर हे प्रकरण तिथंच संपलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मोडक्या गुडघ्याच्या माणसाची फाईल मुंबईच्या हेड ऑफिसातून पास होऊन येणं शक्य नव्हतं. मी आप्पांना मेनरोडपर्यंत सोडून आलो, आईनं आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवला होता, त्यात तो कागद घातला. मग साहेबांच्या कानात घातलं, की मुंबईची एक कंपनी आप्पांच्या मागे लागली आहे, लवकर हालचाल केली नाही तर माणूस हातचा जाईल. अशी कुठलीही कंपनी नव्हती. साहेब घाबरले. दोन वर्षांच्या जागी पाच वर्षांचा करार झाला, ऑफिसरची ग्रेड, शिवाय राहायला क्वार्टर. कारखान्यात ज्या करारावरून पुढे एवढा गदारोळ झाला, तो आप्पांनी मागितलेलाच नव्हता.

भरतीचा फॉर्म इंग्रजीत असायचा. कामगारांचे फॉर्म आम्ही क्लार्कनीच भरायचे आणि त्यांनी खाली सही करायची, ही आमच्याकडची पद्धत. त्यात कुणाला गैर वाटत नसे, कारण वेळ वाचायचा. जुनी दुखापत किंवा आजार, या रकान्यात मी माझ्या अक्षरात 'नाही' लिहिलं आणि कागद आप्पांपुढे सरकवला. कंपनीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि शिक्का मारला. आप्पांनी सही करता करता विचारलं, "पाच साल कसं काय? मी तर दोन लिहिलं होतं."

"साहेब खूश आहेत तुमच्यावर."

"कागद वाचला ना त्यांनी?"

"वाचला," मी म्हणालो.

"मग झालं," आप्पा म्हणाले, आणि पेनचं टोपण लावून पेन मला परत दिलं.

पहिली दोन वर्षं सोन्याची गेली. धाकट्यानं इज्जत राखली. आम्ही ट्रॉफी आणली, स्थानिक पेपरात फोटो आला आणि फोटोत आप्पांच्या शेजारी मी होतो, गळ्यात शिट्टी घालून. आईनं तो फोटो कापून देवघराच्या वर लावला. कामाला म्हणून आप्पांना टाइम ऑफिसात खुर्ची दिली होती, पण तिथं त्यांना काम असं काही नव्हतं. ते गेटजवळ बसून शिफ्टला येणाऱ्या माणसांचे पाय बघत. "अरे, तू मणक्याच्या डॉक्टरकडे जा," असं एकदा त्यांनी फोर्जिंगच्या एका कामगाराला सांगितलं. तो गेला आणि खरंच मणका सरकलेला निघाला. त्यानंतर कित्येक जण गेटमधून मुद्दाम सावकाश चालत आत यायला लागले, म्हणजे आप्पांना नीट बघता यावं.

तिसऱ्या वर्षी गुडघा बसला. आप्पा चढाईला जात, पण वळताना वेग राहिला नव्हता. पूर्वी ज्याच्या हातातून ते साबणासारखे निसटत, तो आता त्यांना आरामात धरून ठेवी. आम्ही पुन्हा पहिल्या फेरीत हरायला लागलो. आणि मग तो सामना आला. आमच्याच मैदानावर, कंपनीचे मोठे डायरेक्टर खुर्चीत बसलेले. गुण बरोबरीत, शेवटची चढाई आप्पांची. आप्पा गेले, कोपऱ्यातल्याला हात लावला आणि कसेबसे परत आले. पंचांनी आम्हाला गुण दिला. आम्ही नाचायला सुरुवात केली. आप्पा मात्र मध्यरेषेवर हात वर करून उभे.

"माझा पाय बाहेर पडला होता," ते पंचांना म्हणाले.

"मी बाद दिलेलं नाही," पंच म्हणाले.

"तुम्ही नाही पाहिलं. मी पाहिलं ना!" आणि आप्पा स्वतःच बाहेर जाऊन बसले. पंचांचा नाइलाज झाला. गुण समोरच्यांना गेला आणि आम्ही एका गुणानं हरलो. डायरेक्टर उठून गाडीत बसले, चहासुद्धा न घेता.

दुसऱ्या दिवशीपासून कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. युनियनचे बोरस्ते निफाडकडचे, आवाज खणखणीत. बशीतल्या चहावर फुंकर मारत ते म्हणाले, "लय मोठा हरिश्चंद्र लागून गेला! ऑफिसरचा पगार खातो आन् दुसऱ्याला जितवतो. आमची टेंपरवारी पोरं पाच-पाच साल झाली, परमनंट होईना, आन् ह्या म्हाताऱ्याला क्वार्टर!"

कुणी म्हणालं, चूक मॅनेजर साहेबांची, वय बघायला नको? कुणी म्हणालं, तरुण पोरं पकडीला उभी राहत नाहीत, एकट्या आप्पांना किती बोल लावणार? कुणी पंचांनाच शिव्या घातल्या. शेवटी बोरस्ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "दोष म्हाताऱ्याचा नाय. त्याला आणला कोन, ते बघा. आणनाऱ्याला धरा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या नव्हत्या, पण वळतील असं मला वाटलं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "पण गुडघ्याचं त्यांनी आधी सांगायला नको होतं का?"

नुसता प्रश्न. उत्तर मी दिलं नाही. पण त्या दुपारपर्यंत मशीन शॉपपासून गेटपर्यंत पसरलं, की आप्पांनी गुडघा लपवून नोकरी मिळवली. संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा आप्पा गेटवर त्यांच्या खुर्चीत बसले होते आणि माणसं त्यांच्यासमोरून भराभरा निघून जात होती. सावकाश कुणी चालत नव्हतं.

आप्पांना ते कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. दाणे काढले नाहीत. "साहेब, लोक म्हणतात मी चोर शे," ते म्हणाले. "करार मोडा, क्वार्टर घ्या, पगार परत घ्या. मला त्याचं काही नाही. पण मी कागद दिला होता. तेवढं तुम्ही सांगा. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"सांगतो ना," मी म्हणालो. "सोमवारी मीटिंग आहेच."

शनिवार-रविवार मी काय विचार केला ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. असिस्टंट ऑफिसरच्या बढतीसाठी माझं नाव वर गेलं होतं. खरं सांगितलं तर बढती गेली असती. नोकरी गेली नसती. फार तर एक मेमो मिळाला असता, साहेबांनी चार शब्द सुनावले असते, बोरस्त्यांनी महिनाभर कॅन्टीनमध्ये माझी खेचली असती. बस. एवढ्यासाठी मी ते केलं. माझ्यावर काही आभाळ कोसळणार होतं असं मला आजही सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मीटिंगला साहेब होते, अकाउंट्सचे एक जण, बोरस्ते आणि मी. आप्पा बाहेर बाकावर. साहेबांनी फाईल उघडली, फॉर्म काढला आणि माझ्यापुढे धरला. "ही सही त्यांचीच ना?"

"हो."

"दुखापतीबद्दल तुम्हाला कधी बोलले होते?"

रकान्यातलं 'नाही' माझ्या अक्षरात होतं, 'न'ला मी जरा मोठी दांडी देतो, ती तशीच होती. साहेबांना ते ओळखू आलं नाही की त्यांना ओळखायचं नव्हतं, देव जाणे. त्यांनाही डायरेक्टरपुढे कुणाचातरी बळी द्यायचाच होता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला काही बोलले नव्हते."

बोरस्ते एवढा वेळ आप्पांविरुद्ध बोलत होते, पण तेच म्हणाले, "आसं वाटत नाय बरं का त्या मानसाकडं बघून." साहेबांनी फाईल मिटली. ठरलं असं, की आप्पांनी स्वतःहून राजीनामा द्यावा, म्हणजे कंपनी त्यांच्या कागदांवर वाईट शेरा मारणार नाही. मसुदा टाइप करून आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी बाहेर आलो. आप्पा बाकावरून उठले, थोरल्यावर भार देत. आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही सांगं ना बठ्ठं?"

"सगळं सांगितलं, आप्पा," मी म्हणालो. "पण त्यांनी ऐकलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद झाला म्हणून सांगू! नोकरी चालली होती आणि माणूस हसत होता. "नाही ऐकलं तर नाही," ते म्हणाले. "सांगितलंत, बस झालं." राजीनाम्यावर त्यांनी न वाचता सही केली. क्वार्टर रिकामी करताना सामान दोन ट्रंका आणि एक खराटा. एसटी स्टँडवर त्यांना सोडायला संघातलं कुणी आलं नाही. मीही गेलो नाही. त्या दिवशी मी मुद्दाम जास्तीचं काम अंगावर घेतलं.

मला बढती मिळाली. कारखाना पुढे कसा डबघाईला आला आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन कसा घरी बसलो, तो निराळा विषय आहे. कॅन्टीनमधल्या गप्पांत मात्र आप्पांचं नाव शेवटपर्यंत निघत राहिलं. कुणी कामात लबाडी केली की म्हणायचे, "आप्पांचा गुडघा झाला हा." तो वाक्प्रचारच पडला. नव्या पोरांना आप्पा कोण तेही माहीत नव्हतं, ती फक्त हसायची. आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा.

निवृत्तीनंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आप्पांचं पोस्टकार्ड आलं. गावात मुलींसाठी कबड्डीचं मैदान केलं आहे, उद्घाटनाला तुम्हीच यायचं. आई तेव्हा गेलेली होती. कार्ड मी चार दिवस टेबलावर ठेवलं. मग मनाशी पक्कं ठरवलं, की जायचं आणि त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकायचं. आपण दुसरं काहीच करू शकत नाही, एवढं तर करू शकतो. सटाण्याच्या एसटीत बसल्यावर मी काय बोलायचं ते मनात घोकत होतो. 'आप्पा, मी त्या दिवशी खोटं बोललो.' एवढंच वाक्य होतं, आणि ते मी ओठांतल्या ओठांत पन्नास वेळा म्हटलं असेल.

मैदान गावाबाहेर, कांद्याच्या चाळींच्या पलीकडे होतं. आप्पा काठी टेकत समोर आले. धाकट्याला आता पट्टा बांधलेला, केस पांढरे. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "आप्पा, जरा बाजूला येता? बोलायचं होतं."

"बोलू, बोलू. आधी पोरी खोळंबल्यात," म्हणत त्यांनी मला ओढतच नेलं.

पंधरा-सोळा मुली रांगेत उभ्या होत्या. गावातली माणसं होती, शाळेचे हेडमास्तर होते. आप्पांनी माझ्या गळ्यात उपरणं घातलं, हातात नारळ दिला आणि मुलींकडे वळले. "पोरीहो, हाऊ माणूस नीट देखी ठेवा." पुढचं सगळं ते अहिराणीत बोलले, आणि मला शब्दन्‌शब्द कळला. ते म्हणाले, अख्खी कंपनी मला चोर म्हणत होती. साहेब, युनियन, सगळे एका बाजूला. तेव्हा या एका माणसानं बंद खोलीत, स्वतःची नोकरी पणाला लावून, माझ्यासाठी खरं सांगितलं. त्याचं कुणी ऐकलं नाही, पण तो बोलला. मी त्या एका गोष्टीवर गावात मान वर करून परत आलो. खेळ मी तुम्हाला शिकवीन. खरं कसं बोलायचं ते यांच्याकडे बघून शिका.

हा टोमणा तर नाही ना, म्हणून मी त्यांच्याकडे निरखून बघितलं. पण टोमणा त्यांना येतच नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर पुढे होऊन म्हणाले, "सर, दोन शब्द बोला."

माझं वाक्य मला पाठ होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. नारळ हातात जड लागत होता.

"अहो, त्यात मोठं काय केलं," मी म्हणालो. "ते तर माझं कर्तव्यच होतं."

मुलींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.